आगीतून निघालेलं चाक

टणटणमिस्त्री लग्न ठरवायला गेले, तेव्हा सासूबाईंनी पुढे केलेल्या चहाच्या कपावर त्यांनी आधी नखाने टिचकी मारली, मान जरा तिरकी केली आणि म्हणाले, "याला चीर आहे."

झालं! बैठकीतल्या सगळ्यांची तोंडं उतरली. कप कोरे करकरीत, त्याच सकाळी दुकानातून आणलेले. सासरेबुवांनी कप खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून फिरवून पाहिला. चीर काही दिसेना. पण बोलणी निम्म्यावर येईतो बशीत चहाचं तळं साचलं आणि सासरेबुवा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोराच्या खिशात काय आहे ते देव जाणे, पण कानात आहे काहीतरी. जमलं म्हणा!"

बायको पुढे आयुष्यभर टोमणा मारायची, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सगळा वेळ त्या कपाकडे डोळे."

"तुझ्याकडे बघितलं असतं तर कप हातात राहिला असता का?" असं म्हणून मिस्त्री दुकानाकडे सटकायचे, कारण त्यापुढचा टोमणाही त्यांना पाठ होता.

दुकान म्हणजे घराला लागून काढलेली पत्र्याची शेड. दारात तेलाने काळी झालेली माती, भिंतीला पान्यांची रांग, मधोमध लाकडाच्या ओंडक्यावर बसवलेली ऐरण. इंजिनं दुरुस्त करणारे त्या भागात पुष्कळ होते, पण मिस्त्रींकडे लोक यायचे ते टोल्यासाठी. इंजिनाचा मोठा जड भाग बिडाचा असतो, बीड म्हणजे ओतीव लोखंड. हे बीड मोठं अबोल. पोलादाला त्रास झाला तर ते वाकून दाखवतं. बिडाला आतून चीर गेली तरी वरून चेहरा तसाच, आणि कधी फुटायचं ते त्याचं तेच ठरवतं. मिस्त्री त्याला साखळीने टांगून घ्यायचे आणि छोट्या हातोडीने एक टोला द्यायचे. शाबूत बीड 'टण्ण' म्हणतं आणि तो नाद बारीक बारीक होत हवेत रेंगाळतो. चीर गेलेलं 'थद्द' म्हणतं आणि गप्प बसतं.

"टोला काय, कुणालाही ऐकू येतो," मिस्त्री म्हणायचे. "मला शेपटीशी मतलब. नादाची शेपटी किती लांब, ते बघायचं."

लेक लहान असताना दुकानात त्यांचा एक खेळ चालायचा. तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, यांनी मागे कशावर तरी हातोडी मारायची आणि तिने ओळखायचं. "पितळ!" "पत्रा!" "बीड!" "तडकलेलं बीड!" एकदा मिस्त्रींनी स्वतःच्या टकलावर टिचकी मारली, तर पोरगी न वळता म्हणाली, "रिकामा डबा!" पुढचे कित्येक दिवस मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला हे सांगत होते, जणू पोरीला बक्षीसच मिळालं.

पलीकडच्या गल्लीत दुसरा एक मिस्त्री होता. तो टोल्यावर विश्वास ठेवायचा नाही. तो बिडाला रॉकेल लावायचा, पुसून कोरडं करायचा आणि वरून खडूची पूड भुरभुरवायचा. चिरेत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटते. पद्धत अगदी चोख. पण टणटणमिस्त्री त्याला 'मास्तर' म्हणायचे. "काय मास्तर, आज फळ्यावर काय लिहिलंत?" असं भर रस्त्यात विचारायचे. "खडू हातात धरायचा तर सरळ शाळेत जावं माणसाने. लोखंडाला वाचा आहे, त्याला लिहायला कशाला लावायचं?" मास्तर बिचारा हसून पुढे जायचा.

आगीत सापडलेली इंजिनं हा तर मिस्त्रींचा खास प्रांत. कुठे आग लागली की मालक हबकून जातो, भंगारवाला लगेच हजर होतो, आणि त्या दोघांच्या मध्ये मिस्त्री जाऊन उभे राहायचे. मागच्या उन्हाळ्यात बर्फाच्या कारखान्यात आग लागली. लोकांना हसावं की रडावं कळेना. तिथल्या इंजिनाचं काळंठिक्कर झालेलं हेड, म्हणजे वरचं बिडाचं जाड झाकण, मिस्त्रींनी वाजवून पाहिलं आणि "चालेल" म्हणून सांगितलं. 'चालेल' हा त्यांचा एकच शब्द. तो एकदा तोंडातून बाहेर पडला की भंगारवाला वजनकाटा उचलून घरी जायचा.

तर अशा माणसाच्या व्याह्यांच्याच सॉ मिलला आग लागली.

ठिणगी भुशात पडली, आतल्या आत धुमसत राहिली आणि दुपारी सगळी माणसं जेवायला बसलेली असताना छप्पर पेटलं. माणूस कुणी भाजला नाही, हे नशीब. पण करवतीचा पट्टा, लाकडाचे ढीग, इंजिनाची खोली, सगळं गेलं. मिलच्या मागेच व्याह्यांचं घर, तिथेच मिस्त्रींची लेक नांदत होती. सकाळी इंजिनाला हँडल मारायचं काम जावयाचं. इंजिनाच्या बाजूला पुरुषभर उंचीचं बिडाचं चाक, त्याच्या अगदी शेजारी उभं राहून त्याला हँडल फिरवावं लागे, आणि दिवसभर लक्षही तिथूनच ठेवावं लागे.

राख निवल्यावर मिस्त्री हातोडी घेऊन आले. व्याही दारातच उभे. या गृहस्थांचा आवाज असा, की करवत बंद असली तरी मिल चालू आहे असं रस्त्यावरच्याला वाटावं.

"या व्याहीबुवा! बघा काय होऊन बसलंय. भंगारवाला सकाळपासून घिरट्या घालतोय. त्याला हाकलायचं की बसवायचं, ते तुम्ही सांगायचं."

"आधी बघू तर द्या," मिस्त्री म्हणाले आणि उकिडवे बसले.

बघण्यात त्यांची चूक नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. आग किती तापली होती ते त्यांनी आजूबाजूच्या धातूंवरून वाचलं. अॅल्युमिनियमचं झाकण मेणासारखं ओघळून जमिनीवर थिजलं होतं, पण शेजारची पितळेची तोटी जशीच्या तशी होती. म्हणजे धग मोठी, तरी बीड बिघडून जाईल एवढी नाही. स्प्रिंगा त्यांनी बोटाने दाबल्या, त्या दबल्या त्या दबल्याच राहिल्या. त्या फेकायच्या. बेअरिंगमधला मऊ धातू वितळून गेला होता. तोही नवा भरायचा. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडावर, सरळ पट्टी ठेवून त्यांनी खालून उजेड येतो का पाहिलं. येत नव्हता. ब्लॉक वाकडा झालेला नव्हता.

"एक सांगा," ते म्हणाले, "तापलेलं असताना यावर पाणी कुणी मारलं का? खरं सांगा. आगीतून बीड तरून जातं. पण लालबुंद असताना त्याच्यावर गार पाणी पडलं, तर मग भरवसा नाही."

"पाणी?" व्याही गरजले. "मी स्वतः इथे उभा होतो. एक थेंब पडू दिला नाही. वाळू टाकली, वाळू!"

मग टोले सुरू झाले. ब्लॉक. हेड. शेवटी चाक साखळीने वर ओढून मोकळं टांगलं. सगळे भोवती उभे. लेक घराच्या पायरीवर येऊन थांबली होती, पदराचं टोक मुठीत. मिस्त्रींनी चाकाच्या कडेवर टोला मारला.

टोला त्यांना ऐकू आला. मग ते शेपटीची वाट पाहत थांबले. डोळे मिटून, मान तिरकी करून, नेहमीसारखे. काहीतरी आलं. निदान आलंसं वाटलं. वारा असेल किंवा इतक्या वर्षांची सवय असेल. डोळे उघडले तर समोर जावयाचा चेहरा. आईच्या हातातल्या ताटाकडे भुकेलं पोर बघतं ना, तसा. त्यांनी पुन्हा टोला मारायला हातोडी उचलली होती. ती तशीच खाली गेली.

"चालेल," मिस्त्री म्हणाले.

व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मिस्त्रींच्या पाठीत अशी थाप मारली की टोपी पुढे सरकली. लेक मात्र पायरीवरून लगेच हलली नाही. काहीतरी बोलली ती, पण तिचा आवाज पहिल्यापासून नाजूक, आणि मिस्त्रींनी नुसती मान हलवली, "हो हो, बघू." अलीकडे ते सगळ्यांनाच असं करायचे. नव्या पिढीला तोंडातल्या तोंडात बोलायची खोड लागली आहे, असं त्यांचं मत होतं.

त्या दिवसापासून चपलेत खडा गेल्यासारखं त्यांचं झालं. चालता येतं, पण विसरता येत नाही. ते रोज मिलवर जायचे, इंजिन जोडायचे. नवं बेअरिंग, नव्या स्प्रिंगा, नवं गॅस्केट. चाकाकडे मात्र पाठ करून बसायचे. मध्येच उठून हातोडी उचलायचे आणि पुन्हा ठेवायचे. पुन्हा टोला मारायचा म्हणजे पहिल्या शब्दावर शंका घ्यायची, आणि समोर व्याही उभे. एकदा जावयाने विचारलं, "मामा, काही राहिलंय का?" तर त्याच्यावरच खेकसले, "राहिलं असतं तर मी बोललो नसतो का?" जावई बिचारा गोंधळला. सासरा असं कधी बोलत नसे.

सगळं जोडून झालं. उरलं ते चाक. चाक दांड्यावर बसवलं की मधल्या खाचेत एक पोलादी पाचर ठोकतात, म्हणजे ते दांड्यावर सुटं फिरत नाही. जुनी पाचर आगीत नरम पडली होती. "नवी घडवून आणतो, तोवर कशालाही हात लावू नका," असं सांगून मिस्त्री दुकानात आले.

पाचरीचा तुकडा भट्टीत तापवला, ऐरणीवर धरला आणि घाव घातला. ऐरण 'थद्द' म्हणाली.

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला. ही ऐरण त्यांच्या वडिलांच्या हातची. तिच्यावर नुसती चावी पडली तरी घंटेसारखी वाजायची. शेजारीण तर कुरकुरायची, की तुमच्या ऐरणीने माझ्या बाळाची झोपमोड होते. त्यांनी तापलेला तुकडा बाजूला टाकला आणि मोकळ्या ऐरणीवर हातोडी मारली. थद्द. दुसऱ्या टोकाला मारली. थद्द. वडिलांची ऐरण गेली, आणि गंमत अशी की त्याच क्षणी त्यांना बरंही वाटलं, चीर ओळखणारा कान अजून शाबूत आहे म्हणून.

"अगं ए!" त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली. "ऐरण तडकली गं आपली!"

बायको आतून कलथा घेऊनच आली. चुलीवरचं काहीतरी अर्धवट टाकून आलेली, त्यामुळे कपाळावर आठ्या. "तडकली? कशाने तडकेल ती? तुमच्या सबंध खानदानाने बडवून तिला काही झालं नाही."

"आवाज ऐक ना. मेली ती."

बायकोने वाकून ऐरणीच्या शिंगावर कलथ्याने एक फटका दिला. मग तिने मिस्त्रींकडे पाहिलं. मग पुन्हा एक फटका दिला, आणि या वेळी ऐरणीकडे नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"अहो," ती म्हणाली. जवळ आली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "अहो, ही तर देवळाच्या घंटेसारखी वाजतेय. अजून वाजतेय. तुम्हाला येत नाही ऐकू?"

मिस्त्रींनी ऐरणीवर तळहात ठेवला. हाताला मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं काहीतरी. म्हणजे ती वाजत होती. सगळ्या जगाला ऐकू जाईल अशी वाजत होती, आणि त्यांच्यापर्यंत फक्त टोला पोचत होता.

"मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम दुर्लक्ष करता," बायको म्हणाली. तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "दुधाचं झाकण पडतं, फिरत राहतं, तुम्ही आपले वळूनसुद्धा बघत नाही. मी म्हटलं, आता म्हातारपणी माझी सवय झाली यांना. कधीपासून हो?"

"चाक," मिस्त्री म्हणाले.

"कसलं चाक?"

पण ते शेडमधून बाहेर पडलेही होते. पायात एक चप्पल घरातली, एक दुकानातली. बायकोने भट्टीवर राख ओढली आणि हातात कलथा तसाच घेऊन त्यांच्या मागे धावत सुटली.

मिलच्या वळणावर आले तेव्हा मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं. व्याह्यांना दम निघाला नव्हता. चाक दांड्यावर चढलं होतं, तीच नरम पडलेली जुनी पाचर ठोकून झाली होती, मिलमधली माणसं गोळा झाली होती. जावयाने बाह्या वर सारून हँडल अडकवलं होतं. त्याचा खांदा चाकापासून वीतभर.

"थांब!" मिस्त्री ओरडले, आणि जाऊन त्यांनी हँडल दोन्ही हातांनी धरलं.

"अहो व्याहीबुवा, वेळेवर आलात!" व्याही खूश. "म्हटलं, तुमच्या पाचरीची वाट बघत बसण्यापेक्षा जुनीच मारू. नवा पट्टा आलाय, ओंडक्यांची गाडीही येतेय. संध्याकाळपर्यंत दोन तरी कापून होतील."

"जुनी पाचर चालायची नाही."

"मग नवी द्या."

नवी दुकानात भट्टीशेजारी अर्धवट पडलेली. मिस्त्रींनी खिसे चाचपले. "तेल घातलंय का?" त्यांनी विचारलं.

"घातलंय, मामा."

"डिझेलची नळी?"

"तुम्हीच बसवली काल."

सबबी संपल्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. मागे धापा टाकत बायको येऊन उभी राहिली, तिच्या हातात कलथा पाहून दोन माणसं गालात हसली. लेक घरातून चहाची किटली घेऊन येत होती, ती अर्ध्या वाटेतच थबकली.

"मला ऐकू येत नाही," मिस्त्री म्हणाले.

व्याही खदखदून हसले. "आत्ता माझं सगळं ऐकलंत की!"

"तुमचं तर पलीकडच्या गावालासुद्धा ऐकू जातं," मिस्त्री म्हणाले, पण कुणी हसलं नाही, कारण हँडल त्यांनी अजून दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं. "मोठं येतं. बारीक येत नाही. नादाची शेपटी येत नाही. त्या दिवशी हे चाक वाजलं की नाही, मला माहीत नाही."

"मग 'चालेल' कसं म्हणालात?"

"वाटलं, चालेल."

"वाटलं?" व्याह्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, आणि म्हणूनच तो मिस्त्रींना नीट पोचला नाही, पण चेहरा पोचला. "माझ्या मुलाला त्याच्याशेजारी उभं करत होतात तुम्ही. वाटलं म्हणून?"

मिस्त्रींनी हँडल काढून जमिनीवर ठेवलं. "पाचर काढा. चाक पुन्हा टांगा. आणि पोरी, तू इकडे ये."

लेकीने किटली खाली ठेवली. ती आली आणि लहानपणी उभी राहायची तशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. भिंत अर्धी जळालेली होती, हातांना काजळी लागली.

चाक टांगून झालं. मिस्त्रींनी टोला मारला आणि चाकाकडे न बघता लेकीच्या पाठीकडे बघत राहिले. तिचे खांदे आधी वर गेले, मग हळूच खाली आले.

"पुन्हा मारा, बाबा."

त्यांनी मारला.

"तडकलेलं बीड," लेक म्हणाली. वळून ती मिस्त्रींच्या अगदी कानाशी आली. "त्या दिवशी पायरीवरून मला तसंच वाटलं होतं. मी म्हणालेसुद्धा तुम्हाला. तुम्ही म्हणालात, बघू. मग मला वाटलं, बाबा चालेल म्हणतात म्हणजे माझाच कान बिघडला असणार."

हे ऐकून मिस्त्रींना कुठेतरी बसावंसं वाटलं, पण बसायला काही उरलंच नव्हतं, सगळी बाकं जळाली होती.

व्याही अजून मानायला तयार नव्हते. "पोरीचा कान, बापाचा कान! डोळ्यांना दिसेल असं काही आहे की नाही?"

"आहे," मिस्त्री म्हणाले. "रॉकेल आणा. आणि तुमचा खडू."

ओंडक्यांवर खुणा करायचा खडू मिलमध्ये होताच. आयुष्यभर ज्याची टिंगल केली ती पद्धत मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने केली. रॉकेल लावलं, मुरू दिलं, फडक्याने कोरडं पुसलं, दगडावर खडू कुटून पूड भुरभुरवली. मग सगळे वाट बघत बसले. चहा कुणी प्यायला नाही. आधी काहीच नव्हतं. मग मधल्या तुंब्यात, पाचर बसते त्या खाचेच्या कोपऱ्यातून, केसाएवढी काळी रेघ निघाली. ती वाढत वाढत एका आऱ्याच्या बुडाशी गेली आणि तिथून आऱ्यावर चढली.

जावई ती रेघ बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या खांद्यावरून हात फिरवला.

"पाणी पडलं होतं," मिस्त्री म्हणाले. "बिडावर पाणी पडलंय हे."

"वाळू टाकली होती मी!" व्याही म्हणाले. मग थोडं थांबून, "खांबावर मारली होती एक बादली. खांब पेटला होता. चाकावर नाही, खांबावर."

खांब चाकाला अगदी खेटून होता. त्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. व्याह्यांना ते सगळ्यांच्या गप्प बसण्यातून कळलं, आणि बहुधा त्याचाच त्यांना राग आला. "एवढीशी रेघ!" ते म्हणाले. "केसाएवढी रेघ, आणि एवढं जाड चाक!" कोपऱ्यातला घण त्यांनी उचलला. चाक खाली उतरवून जळक्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. जावई "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी तुंब्यावर घण घातला.

मिस्त्रींना नुसता दणका ऐकू आला. काय झालं ते त्यांना माणसांच्या मानांवरून कळलं. सगळ्या एकदम मागे झाल्या. बायकोच्या हातून कलथा पडला. चाक दोन ठिकाणी उघडलं होतं, आणि आऱ्यासकट एक मोठा तुकडा घरंगळत जाऊन जावई मघाशी उभा होता तिथे, हँडलशेजारी, आडवा झाला. फुटलेल्या जागेचा रंग आत खोलवर गंजाने तांबूस होता. म्हणजे चीर आजची नव्हती. पाणी तेव्हाच आत शिरलं होतं.

व्याह्यांनी घण टाकला. मग जवळ आले आणि मिस्त्रींच्या टोपीवरची काजळी झटकत राहिले. तिथे काजळी नव्हती. ब्लॉक आणि हेड यांनाही मिस्त्रींनी खडू लावला. त्यांच्यावर रेघ आली नाही. लेकीने ते वाजवून घेतले, तेही शाबूत निघाले. चाक मात्र दुसरं शोधावं लागणार होतं आणि तोवर मिल बंद. व्याही "होईल काहीतरी" म्हणाले, पण तो त्यांचा नेहमीचा आवाज नव्हता.

घरी येताना बायको बाजूने चालत होती. ती आता त्यांच्या कुठल्या बाजूला चालावं हे आजमावत होती, कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

"झालं गेलं," ती शेवटी मोठ्याने म्हणाली. "वेळेवर कळलं ना? पोरगा वाचला. आता चेहरा सोडा की जरा."

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय?"

"तू मघाशी विचारलंस ना, कधीपासून. ते दुधाचं झाकण फिरायचं आणि मी वळायचो नाही, ते कधीपासून?"

बायको आठवू लागली. थंडीत होतं. त्याआधीही होतं. लेकीचं लग्न झालं तेव्हा? तेव्हा घरात इतकी गडबड, झाकणं कोण ऐकतंय! तिला सांगता येईना. मिस्त्री रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. कान गेला तो काही सांगून गेला नव्हता. आणि तो गेल्यावरही 'चालेल' त्यांच्या तोंडातून निघतच होतं. पाण्याच्या पंपावर निघालं होतं. पिठाच्या गिरणीत निघालं होतं. त्यातलं कुठलं ऐकून आणि कुठलं नुसतं वाटून?

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, घरी पोचताच दुकानात गेली आणि खडूचा तुकडा शोधू लागली. तो सापडेना. शेवटी मिस्त्री स्वतः पलीकडच्या गल्लीत मास्तरच्या दारात गेले. मास्तर त्यांना पाहून चपापला, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

"मास्तर, एक खडू द्या," मिस्त्री म्हणाले. मास्तरने पुडाच दिला, आणि काही विचारलं नाही. त्याबद्दल मिस्त्री त्याला पुढे कधी विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवराबायको बर्फाच्या कारखान्यात गेले. मिस्त्रींच्या हातात रॉकेलची बाटली आणि खडू, बायकोच्या पिशवीत हातोडी. "कलथा नको, हातोडीच घे, लोक हसतील," असं मिस्त्रींनी बजावलं होतं, तरी तिने पिशवीच्या तळाशी कलथाही ठेवला होता. इंजिन जोरात चालू होतं. त्याच्या शेजारी स्टुलावर एक माणूस निवांत बसून भाकरी खात होता.

कारखान्याचा मालक हसत पुढे आला. "या, या! आज जोडीने?"

"इंजिन बंद करा," मिस्त्री म्हणाले. "ते हेड मला पुन्हा एकदा बघायचंय."

"का हो? तुम्हीच तर म्हणाला होतात, चालेल."

"हो," मिस्त्री म्हणाले. "म्हणूनच आलोय. आणि आधी त्या माणसाला तिथून उठवा."